आज्ञावली रचणाऱ्यांची गृहीते

"संगणकाची चूक झाली आहे, दोन दिवसांनी या," हे वाक्य बँकेच्या, वीजबिलाच्या किंवा रेशनच्या खिडकीपाशी ज्याने कधी ऐकले नाही, असा नागरिक पिंपरी-चिंचवडात सापडणे कठीण. वस्तुतः संगणकाची स्वतःची अशी चूक फार क्वचित असते. त्याला जे सांगितले तेवढेच तो करतो. चूक असते सांगणाऱ्याची, आणि गंमत अशी की तीदेखील बहुधा त्याने जे सांगितले त्यात नसते. जे सांगण्याची त्याला गरजच वाटली नाही, त्यात असते. सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाची आज्ञावली, रचताना मनुष्य पुष्कळ गोष्टी मनातल्या मनात धरून चालतो. त्या कोणाला विचारीत नाही, कोठे लिहून ठेवीत नाही. अशा गृहीतांविषयी आम्ही येथे चार शब्द लिहिणार आहोत. या धंद्यात आमचा जन्म गेला, तेव्हा पहिले उदाहरण आमच्याच चुकीचे देणे योग्य होईल.

पुष्कळ वर्षांपूर्वी या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यासाठी आम्ही हजेरीची आज्ञावली रचली. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दोष सर्वस्वी आमचा होता. कामगाराने गेटवर कार्ड पंच करावे, यंत्राने त्याचा नंबर व वेळ टिपावी, आणि महिनाअखेर त्यावरून पगारपत्रक तयार व्हावे, इतके साधे काम. पाळ्या तीन: सकाळी सातची, दुपारी तीनची आणि रात्री अकराची. आम्ही नियम असा केला की, एका तारखेचा पहिला पंच म्हणजे येणे व शेवटचा पंच म्हणजे जाणे. चार दिवस चाचणी घेतली, सर्व हिशेब बरोबर आले, आणि आम्ही समाधानाने घरी गेलो. चाचणी घेतली ती मात्र दिवसा. आम्ही स्वतः सहा वाजता घरी जाणारे लोक!

पहिल्या पगाराच्या दिवशी टाइम ऑफिससमोर रांग लागली. रात्रपाळीचा मनुष्य सोमवारी रात्री पावणेअकराला येतो आणि मंगळवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी जातो. त्याच मंगळवारी रात्री पावणेअकराला तो पुन्हा येतो. आमच्या आज्ञावलीला दिसले ते असे की, हा मनुष्य सोमवारी आला आणि गेलाच नाही. मंगळवारी मात्र सकाळी सात-पाचला आला आणि रात्री पावणेअकराला गेला, म्हणजे एका दिवसात १५ तास ४० मिनिटे राबला. अशी अशक्य हजेरी दिसली तर ती संशयास्पद समजून रोखून धरावी, असाही एक नियम आम्ही मोठ्या हुशारीने घातला होता. परिणामी रात्रपाळी केलेल्या प्रत्येकाचा त्या आठवड्याचा पगार अडकला. एका कामगाराच्या मुलाची शाळेची फी भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. तो आम्हांला म्हणाला, "साहेब, मी सोमवारची पाळी करून गेलो. मध्येच मंगळवार कोठून आला?"

या प्रश्नात सगळे उत्तर होते, परंतु ते आम्हांला त्या दिवशी कळले नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; पेनिसिलीन तयार करणे हे काही रात्री बंद करून सकाळी पुन्हा सुरू करण्याजोगे काम नव्हे. पुढे आकुर्डीस बजाज आणि पिंपरीस टेल्को आली. म्हणजे दिवस मध्यरात्री बदलत नाही, तो पाळीबरोबर बदलतो, हे या गावातल्या शेंबड्या पोरालाही वडिलांच्या जाण्यायेण्यावरून ठाऊक होते. आम्ही मात्र दिवस म्हणजे बारा ते बारा हे धरून चाललो, आणि ते धरले आहे याचा आम्हांला पत्ताही नव्हता.

त्यानंतर आम्ही जे केले ते मूळ चुकीहून वाईट. आम्ही थिगळे लावू लागलो. सकाळी आठच्या आतील पंच आदल्या दिवसात धरावा, असा नियम केला. दुसऱ्याच दिवशी पावणेसातला येणारी सगळी पहिली पाळी आदल्या दिवसात गेली. मग अट घातली की, आदल्या रात्री दहानंतर त्याच माणसाचा पंच असेल तरच सकाळचा पंच म्हणजे जाणे समजावे. तेव्हा दुसऱ्या पाळीचा एक मनुष्य रात्री अकरा-पाचला घरी गेला, पाळी बदलल्यामुळे दुसऱ्या दिवशी पावणेसातला कामावर आला, आणि रात्रभर घरी झोपलेल्या त्या गृहस्थाला आमच्या आज्ञावलीने रात्रपाळीचा पगार लावला. तो काही तक्रार घेऊन आला नाही. कँटीनचे लोक पहाटे पाचला येत, पहारेकऱ्यांची ड्यूटी बारा तासांची असे; त्यांच्यासाठी आणखी अटी. महिनाभरात अटींची संख्या सतरा झाली. त्यांतील कोणती अट कोणत्या अटीस छेदते हे आम्हांलाही सांगता येईना.

शेवटी टाइम ऑफिसच्या जुन्या कारकुनांनी आपले हजेरीचे रजिस्टर आमच्यापुढे उघडून ठेवले. त्यात तारीख, पाळी, नाव असे रकाने होते, आणि तारीख ही पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवसाची लिहिलेली होती. सोमवारची तिसरी पाळी मंगळवारी सकाळी संपली तरी ती सोमवारचीच. आम्ही आरंभी हे रजिस्टर पाहिले होते. वेळेवरून पाळी कळतेच, मग वेगळा रकाना कशाला, असे म्हणून पाळीचा रकाना आम्हीच काढून टाकला होता. तो परत घातला, कोणाला कोणती पाळी लावली आहे हे आधी नोंदवून घेतले, आणि सतरापैकी चौदा अटी आपोआप गळून पडल्या. लोकांच्या बोलण्यात ज्या वस्तूला नाव आहे, तिला आज्ञावलीतही जागा असावी लागते. 'पाळीची तारीख' हा शब्द टाइम ऑफिसात रोज दहा वेळा उच्चारला जात होता. तो आमच्या आज्ञावलीत एकदाही नव्हता.

असे का होते? कारखान्यात काम करणाऱ्या श्रोत्यांना याचे उत्तर आमच्यापेक्षा लवकर कळेल. ड्रॉइंगमध्ये भोक दोन मिलिमीटर इकडेतिकडे पडले तर बोल्ट आत जात नाही. फिटर तेथल्या तेथे शिवी हासडतो, इन्स्पेक्टर गेज लावून माल बाजूला काढतो, आणि चूक त्याच पाळीत उघडकीस येते. लोखंड विरोध करते. आज्ञावलीला असा देहच नाही. तिच्यात चुकीचे गृहीत घातले तरी ते निमूटपणे बसते, आणि ज्या दिवशी ते खोटे ठरण्याजोगी परिस्थिती येईल त्या दिवसापर्यंत गप्प राहते. शिवाय डाय बदलायचा म्हणजे पैसा व पोलाद लागते, म्हणून त्यापूर्वी दहा माणसे विचार करतात. आज्ञावली बदलायला वरवर पाहता काहीच लागत नाही. म्हणून विचारही कोणी करीत नाही.

या अनुभवाने आम्ही शहाणे झालो असे म्हणवत नाही, कारण पुढच्या कामात आम्ही उलट्या टोकाला गेलो. आता काहीच गृहीत धरायचे नाही, जे जे बदलू शकेल ते ते बदलण्याची सोय ठेवायची, असा आम्ही पण केला. भोसरीकडच्या छोट्या वर्कशॉपांसाठी बिले करण्याची आज्ञावली होती. तीत कराचा दर बदलता येई, कराचे नाव बदलता येई, बिलावरच्या ओळींचा क्रम बदलता येई. त्या सर्व सोयींचे मिळून इतके पडदे झाले की, वर्कशॉपचा मालक ते पाहूनच घाबरे आणि आम्ही बसवून दिले तसेच ठेवी. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. आम्ही निश्चिंत होतो. दर बदलला की झाले! परंतु दर बदलला नव्हता, कराची घडणच बदलली होती. पूर्वी अबकारी कर माल तयार होण्यावर होता, विक्रीवरचा कर निराळा होता. आता कर पुरवठ्यावर आला. गिऱ्हाईक महाराष्ट्रातले असेल तर त्याचे केंद्र व राज्य असे दोन निम्मे भाग, परराज्यातले असेल तर एकच एकात्मिक कर. म्हणजे बिल कोणाला केले यापेक्षा माल कोणत्या राज्यात पुरवला याला महत्त्व आले, आणि आमच्या एवढ्या सोयींत राज्य हा रकाना केवळ पाकिटावरच्या पत्त्यापुरता होता. भविष्यकाळासाठी ठेवलेली दारे अशी बहुधा चुकीच्या भिंतीत निघतात. तेव्हापासून आमचे मत असे बनले आहे की, आज जे काम आहे ते स्वच्छ व थोडक्यात करावे म्हणजे उद्या ते मोडून पुन्हा करणे सोपे जाते. न आलेल्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधू नयेत. आमच्या धंद्यातील पुष्कळांना हे पटत नाही. असो.

दुसऱ्याने तयार केलेला, चांगला चाललेला भाग उचलून वापरण्यात तर गृहीत आणखी खोल दडून येते, कारण ते आपण धरलेले नसतेच. युरोपातील राष्ट्रांनी मिळून बांधलेले आरियान-५ हे अग्निबाण ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातून प्रथमच सोडले, आणि उड्डाणानंतर मिनिटही पुरे होण्याच्या आत ते आकाशात नष्ट झाले. दिशा व गती सांगणाऱ्या उपकरणाची आज्ञावली आधीच्या आरियान-४ मधून जशीच्या तशी घेतली होती. तीत आडव्या गतीशी निगडित असा एक मोठा आकडा छोट्या जागेत भरला जाई. त्या जागेत ३२,७६७ पर्यंतचीच संख्या मावे. आरियान-४ ची गती अशी होती की आकडा तेथवर पोचणे शक्य नव्हते, आणि म्हणून तो मावतो की नाही हे तपासण्याची पायरी मुद्दाम गाळली होती. नवे बाण अधिक वेगाने गेले, आकडा मावेना, उपकरण बंद पडले. मदतीला दुसरे उपकरण होते, पण त्यातही तीच आज्ञावली असल्याने तेही त्याच कारणाने बंद पडले. सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही की, आज्ञावलीच्या त्या भागाचे काम उड्डाणापूर्वीच संपत असे. जुन्या मॉडेलचे फिक्स्चर नव्या मॉडेलला न तपासता कोणी टूलरूमवाला लावील काय? पण आज्ञावलीच्या बाबतीत "ती चालते" एवढ्याच शिफारशीवर ती नव्या घरी नांदायला जाते.

हे अग्निबाणाचे झाले. आपल्या रोजच्या आयुष्यात सर्वाधिक त्रास देणारे गृहीत याहून फार लहान आहे. ते आहे नावाचे. आपल्याकडील अर्जात नावाचे तीन चौकोन असतात: स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, आडनाव. मराठी माणसाला यात वावगे काही दिसत नाही. परंतु चाकणच्या कारखान्यांत आज सर्व देशातून माणसे येतात. दक्षिणेकडील कित्येकांना आडनावच नसते, नावामागे गावाचे किंवा वडिलांचे आद्याक्षर असते. आडनावाचा चौकोन रिकामा सोडला तर आज्ञावली अर्ज घेत नाही. मग कोणी तेथे टिंब देतो, कोणी नाव दोनदा लिहितो, आणि एका कार्यालयात टिंब व दुसऱ्यात आद्याक्षर पडले की, ही दोन माणसे निराळी आहेत असा निकाल संगणक देतो. लग्नानंतर नाव बदललेल्या आणि न बदललेल्या अशा दोघीही बायकांची हीच कथा. बरे, मराठी नावाचे तीनच भाग, हे तरी कायमचे खरे आहे काय? महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे, आईचे, वडिलांचे व शेवटी आडनाव अशा क्रमाने लिहावे. एका निर्णयाने तीन चौकोनांचे चार झाले. निर्णय उचितच आहे. पण तीन चौकोन धरून रचलेल्या आज्ञावल्यांत आईचे नाव कोठे बसवायचे, हा प्रश्न त्या दिवसापासून प्रत्येक अशा कार्यालयापुढे उभा राहिला.

आणि नाव चौकोनात बसले तरी ते मावेल असे नाही. संगणकाच्या स्मृतीत बाइट नावाचे खण असतात. इंग्रजी अक्षराला एक खण पुरतो. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन खण लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. 'ज्ञानेश्वर' या नावात आपल्याला चार अक्षरे दिसतात. संगणकाच्या लेखी ती दहा चिन्हे व तीस खण आहेत. इंग्रजी नावे डोळ्यांपुढे ठेवून कोणी तीस खणांची जागा ठेवली असेल, तर ज्ञानेश्वर कसाबसा मावतो. ज्ञानेश्वरी मावत नाही. आपल्या शहराचे नावच घ्या. 'पिंपरी-चिंचवड' याला मधल्या आडव्या रेघेसह सदतीस खण लागतात. तीस खणांत 'पिंपरी-चिं' एवढे राहते आणि पुढच्या 'च'चे दोन तृतीयांश शिल्लक उरतात, ज्याच्या जागी पडद्यावर एखादे प्रश्नचिन्ह किंवा रिकामा चौकोन उमटतो. छापील पावतीवर आपल्या गावाचे असे तुकडे ज्यांनी पाहिले असतील त्यांना आता कारण कळेल.

ही तर सुधारलेल्या काळातली स्थिती. त्यापूर्वी छापखान्यांतून जी मराठी संगणकावर आली, तीत इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर देवनागरी अक्षराचे चित्र बसवीत. संगणकाला ते इंग्रजीच वाटे. फक्त दिसताना मराठी दिसे. त्या वेळी छापणे एवढेच काम होते, आणि छापण्यापुरती ती युक्ती नामी होती. परंतु मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की त्याची भेंडोळी होत. शब्द शोधता येत नसे, अकारविल्हे लावता येत नसे. म्हणजे कागदावर येण्याखेरीज या मजकुराचे दुसरे काही होणार नाही, हे गृहीत होते. वर्षानुवर्षांचे मराठी लेखन असे आपापल्या फॉन्टात अडकून पडले. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणक ठरले आणि त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा सुटकेचा मार्ग दिसला.

पण युनिकोड ठरविणारी मंडळीही माणसेच. जगातील साऱ्या लिप्यांना ६५,५३६ क्रमांक पुरतील असे त्यांनी धरले, आणि त्या भरवशावर मोठमोठ्या संगणकभाषा व यंत्रणा उभ्या राहिल्या. ते पुरेनात. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत मर्यादा अकरा लाखांपलीकडे वाढवावी लागली. आपली मोडी लिपी युनिकोडमध्ये आली ती २०१४ साली, आणि तिचे पहिले अक्षर ७१,१६८ या क्रमांकावर बसले, म्हणजे जुन्या कुंपणाच्या बाहेर. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमालच्या रुमाल या लिपीत आहेत. त्यातला एखादा कागद आज टंकलिखित केला, तर जुन्या गृहीतावर चालणारी आज्ञावली मोडीचे एक अक्षर दोन म्हणून मोजते, आणि शेवटचे अक्षर खोडायला सांगितले तर अर्धेच खोडते.

यावर कोणी म्हणेल की हे पूर्वीच्या लोकांचे अज्ञान होते. तसे नेहमीच नसते. सालाचे दोनच आकडे लिहिण्याची प्रथा पडली तेव्हा माहिती ऐंशी रकान्यांच्या छिद्रपत्रावर भरावी लागे व स्मृतीचा एकेक खण महाग होता. '१९' गाळणे हा त्या काळी शुद्ध व्यवहार होता. आपली आज्ञावली सन २००० पर्यंत चालेल असे त्यांना वाटले नाही, एवढीच चूक. ती निस्तरण्याचे काम जगभर निघाले आणि त्यातले पुष्कळसे भारतीय कंपन्यांकडे आले. हिंजवडीकडे धावणाऱ्या बसगाड्या आज आपण पाहतो, त्या धंद्याच्या वाढीला त्या कामाचाही हातभार लागला. दुसऱ्याच्या गृहीतावर आपली चूल पेटली असे म्हणण्यास हरकत नाही.

तसेच एक गृहीत आजही कामावर आहे. पुष्कळ जुन्या यंत्रणा वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून गेलेल्या सेकंदांत, आणि ती संख्या ठेवतात बत्तीस अंकस्थानांच्या जागेत. ती जागा १९ जानेवारी २०३८ रोजी भरेल. त्यानंतरच्या सेकंदाला, दुरुस्ती न झालेले यंत्र स्वतःला डिसेंबर १९०१ मध्ये समजेल. मोठे संगणक बहुतेक सुधारले आहेत. प्रश्न आहे तो कोपऱ्यात बसविलेल्या, कोणी फारशी आठवण न ठेवणाऱ्या लहान नियंत्रकांचा: पंपाचा, भट्टीचा, गेटवरच्या पंचाचा. आम्ही रचलेल्या त्या हजेरीच्या आज्ञावलीतही वेळ याच पद्धतीने ठेवली होती. ती अजून चालू आहे किंवा नाही याची चौकशी आम्ही गेल्या महिन्यात केली. चालू आहे. भारतीय वेळेप्रमाणे तो क्षण येतो सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी. वार मंगळवार, म्हणजे रविवारी सुटी घेणारे कारखाने असोत की आपल्या पट्ट्यातील गुरुवारी सुटी घेणारे, कामाचाच दिवस. सातची पाळी सुरू होऊन पावणेदोन तास झालेले असतील, आणि रात्रपाळीची माणसे पंच करून घरी गेलेली असतील. आम्ही त्या कारखान्याला पत्र लिहिले आहे.